आमच्या विहिरीचा पाटा

मार्च उजाडला की क्रांती चौकाच्या आसपासच्या अभ्यासिका ओसंडून वाहतात. चहाच्या गाड्यांवर मुलं-मुली एका हातात कप आणि एका हातात वही धरून उभी राहतात, आणि आमच्या इमारतीत कुणी न सांगता टीव्हीचा आवाज खाली येतो. यंदा माझ्याही घरी एक परीक्षार्थी आहे. गौरी, माझ्या थोरल्या भावाची नात. शेंद्र्याला, माझ्या माहेरी, पाहुण्यारावळ्यांचा राबता फार, तिथे अभ्यास कसला होतोय, म्हणून ती महिनाभरासाठी माझ्याकडे येऊन राहिली आहे. विज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षी कोणते विषय ठेवायचे याचा घोळ तिच्या डोक्यात चालू असतो, आणि तो ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन घालते.

होळीआधी एकदा पोहे खाता खाता तिने सरळ विचारलं, "आजी, भूगर्भशास्त्र शिकून तुला मिळालं काय? नोकरी तर केलीच नाहीस." प्रश्नात खोडी नव्हती, खरंच विचारत होती. मी नोकरी केली नाही हे खरंच आहे. पदवी झाली, लग्न झालं, मुलं झाली, त्यांचे डबे भरण्यात आणि वह्यांना कव्हरं घालण्यात वर्षं गेली. दगड ओळखल्याबद्दल मला कुणी पगार दिला नाही. उलट प्रवासातून घरी आणलेले दगड कुंड्यांच्या आड लपवावे लागले.

तरी मी तिला गंमत म्हणून बरंच काही सांगितलं. आमचा जुना ओटा शहाबादी फरशीचा होता. त्यावर लिंबू सांडलं की डाग पडतो आणि तो घासून जात नाही, कारण तो डाग नसतोच, फरशीच तेवढी खाल्ली गेलेली असते. हे मला ठाऊक होतं म्हणून आमचा ओटा शेवटपर्यंत तकतकीत राहिला. मुलाने बिडकीनच्या बाजूला प्लॉट घेतला तेव्हा मी हट्टच धरला, की काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत पाया खोल गेलाच पाहिजे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. ठेकेदार वैतागला, मुलगा "आईचं भूगर्भशास्त्र" म्हणून हसला. आता शेजारच्या बंगल्याच्या भिंतीत करंगळी जाईल एवढी भेग आहे आणि मुलगा हसत नाही. वेरूळला गेलं की सगळे मूर्ती बघतात, मी मूर्तीमागचा खडक बघत मागे रेंगाळते. नवरा बाहेर उन्हात उभा राहून हाका मारायचा. ज्या देवळापुढे लोक हात जोडतात तो अख्खा डोंगर कधीकाळी लाव्हा होऊन वाहत होता, हे आठवलं की माझेही हात जोडले जातात, फक्त जरा वेगळ्या कारणाने.

गौरी ऐकत होती, पण हे ऐकून कुणी विषय निवडत नाही हे मलाही कळत होतं. खरं उत्तर शेंद्र्याला आहे. परसात, धुणं धुवायच्या जागी.

आज शेंद्रा म्हटलं की लोकांना कारखाने आठवतात. गौरीचे वडील, म्हणजे माझा भाचा, तिथल्याच एका कारखान्यात पाळीला जातात आणि सुट्टीच्या दिवशी कपाशीत फिरतात. माझ्या कॉलेजच्या दिवसांत तिथे ज्वारी होती, चिंचा होत्या आणि शहराला जाणारी एसटी होती. त्या एसटीनेच मला भूगर्भशास्त्र दिलं. वनस्पतीशास्त्राचं प्रात्यक्षिक संपेपर्यंत शेंद्र्याची गाडी निघून जायची, भूगर्भशास्त्राचं लवकर आटपायचं. माझ्या आयुष्यातला एवढा मोठा निर्णय एसटीच्या वेळापत्रकाने घेतला याची मला कधी लाज वाटली नाही.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्यात वावगं काही वाटलं नाही. ते निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांची भाषा बदलली आणि अण्णांचं उर्दू तेवढं घरात बोलण्यापुरतं उरलं. विषयाचं नाव ऐकून ते म्हणाले, जमिनीचं इल्म म्हणजे आपल्या घरचंच की. गावात मात्र चर्चा झाली, की पोरगी शहरात जाऊन दगडं शिकते. माझी माय बाया हसतील म्हणून विषयाचं नाव कुणाला सांगायचीच नाही, नुसतं "सायन्स" म्हणायची.

आमचे सर अंगाने किडकिडीत होते आणि त्यांच्या कोटाच्या दोन्ही खिशांत कायम दगड असायचे. पहिल्याच तासाला त्यांनी माझ्या हातात एक दगड दिला. मी आपली हुशारी दाखवत लगेच म्हटलं, काळा पाषाण. सर म्हणाले, "नाव नंतर. आधी काय दिसतंय ते सांगा." मग अख्खा तास मी रंग, वजन, चकाकी, कण, भेगा असं सांगत बसले. मनात चडफडत होते, कारण दगड शेवटी काळा पाषाणच निघाला. वर्षभर सरांनी आम्हाला याच एका वाक्याने छळलं. भिंग लावा, सुईने ओरखडा, आम्लाचा थेंब टाका, आणि मगच तोंड उघडा. आज ते वाक्य मला जितकं कामाला येतं तितकं लग्नात मिळालेलं एकही भांडं आलेलं नाही.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात आमच्या मळ्यात नवी विहीर खोदली. मुरूम गेला, मग ठिपक्याठिपक्यांचा खडक लागला, ज्याला आमच्याकडे मांजऱ्या म्हणतात, आणि त्याच्या तळाशी पाणी लागलं. अण्णा त्या दिवशी विहिरीच्या काठावरून हलायला तयार नव्हते. पुढे आठवडाभर भेटेल त्याला ओंजळीने पाणी पाजत होते. वर काढलेल्या दगडांत एक सपाट, रुंद चीप होती. काळसर अंग, त्यावर पांढरे शुभ्र ठिपके, उन्हात धरली की चमचम करणारे. अण्णांना ती इतकी आवडली की त्यांनी पाथरवट बोलावून तिचा पाटा घडवून घेतला. पाथरवट काही सांगू बघत असेल तरी त्याला सवड मिळाली नसणार, कारण अण्णा त्याच्या डोक्याशी उभे राहून विहिरीचं कौतुक सांगत होते. आमचा जुना पाटा झिजून मधे खोल गेला होता. तो मोडीत काढला आणि त्या जागी आमच्या विहिरीचा पाटा आला. पाहुणा चहाला आला तरी अण्णा त्याला चुलीपर्यंत नेऊन तो दाखवायचे.

त्याच महिन्यात भावाचं लग्न झालं आणि बिडकीनहून वहिनी घरात आली. गव्हाळ, बारीक आवाजाची, माझ्याहून थोडीशीच मोठी. म्हणजे त्या हिवाळ्यात आमच्या घरात दोन नव्या गोष्टी आल्या होत्या, एक पाटा आणि एक वहिनी. आणि त्यांच्या पाठोपाठ घासात कचकच यायला लागली.

आधी चटणीत. मग वाटलेल्या मसाल्याच्या आमटीत. फार नाही, दाताखाली एखादा कण यायचा आणि जेवणाऱ्याचा चेहरा वाकडा व्हायचा. मायने वहिनीला विचारलं, शेंगदाणे पाखडले होते का. भावाने विचारलं, मिरच्या धुतल्या होत्या का. वहिनी व्हय म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी दोनदा पाखडायची, दोनदा धुवायची. दारात उन्हाला बसून ती डाळ निवडायची तेव्हा ताट डोळ्याजवळ नेऊन एकेक दाणा बघायची. तरी कचकच यायचीच. हळूहळू तिच्या हाताबद्दल घरात एक मत तयार झालं. पाट्याबद्दल कुणाचंच काही मत नव्हतं, कारण तो आमच्या विहिरीचा होता.

होळीच्या आधी पाट्याला टाकी लावणारी बाई गल्लीत आली. मायने नवा पाटाही चांगला खडबडीत करून घेतला, पुरण वाटायचं म्हणून. सणाला अण्णांची थोरली बहीण, आमची आत्या, आली होती. आत्या तोंडावर बोलणारी, आणि स्वतःच्या दातांचा तिला फार अभिमान. पंगत बसली, येळवणीची, म्हणजे कटाच्या आमटीची, वाटी फिरली, पोळीवर तूप पडलं. आत्याने दुसराच घास घेतला आणि तिचा हात गालावर गेला. दाढेचा तुकडा पडला होता. त्याच्याबरोबर पांढरे खडेही निघाले. आत्याने ते सगळं कागदाच्या पुडीत बांधून घेतलं, पुरावा म्हणून, आणि जेवण तिथेच थांबलं.

दुपारभर माय आणि आत्या कुजबुजत होत्या. निघालं ते असं, की पोरीला कामाचं वळण नाही, तिला काही दिवस माहेरी धाडावं, शिकली की आणू. रंगपंचमीला बिडकीनहून तिचा भाऊ यायचाच होता, त्याच्याबरोबर पाठवायचं ठरलं. आज हे वाचताना एवढ्याने काय होतं असं वाटेल. पण लग्नाला दोन-तीन महिने झालेली सून पेटीसकट माहेरी गेली की गावं तिच्याबद्दल काय काय जोडून बोलतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ती परत कधी येईल हे मग कुणाच्याच हातात राहत नाही. भाऊ मान खाली घालून शेताकडे निघून गेला. वहिनी रडलीबिडली नाही. तिने उष्टी काढली, पाटा धुवून भिंतीला टेकवून ठेवला आणि अंगणात डाळीचं ताट घेऊन पुन्हा निवडत बसली. त्या दिवशी कुणाला डाळ लागणार नव्हती.

माझं प्रात्यक्षिक चार दिवसांवर आलं होतं. मी ओसरीवर नमुन्यांची पेटी उघडून बसले होते आणि पाठ करत होते, की लाव्हा वाहताना त्यात वाफेचे बुडबुडे अडकतात, तो थंड झाला की धिरड्याला जाळी पडावी तशी भोकं राहतात, आणि पुढे पाणी झिरपून त्या भोकांत पांढरी खनिजं साठतात. हातात नमुना होता. काळा दगड, पांढरे ठिपके. पाठ करता करता माझी नजर उघड्या दारातून आत भिंतीशी टेकलेल्या पाट्यावर गेली. काळा दगड, पांढरे ठिपके. रोज त्यावर वाटलेली चटणी खाऊन मी एसटी पकडत होते आणि शहरात जाऊन तोच दगड शिकत होते. मला हसू आलं आणि मी हातातला नमुना खाली ठेवला.

आत्याकडून पुडी मागून घेतली. आत्याला वाटलं, पोरगी तिच्या दाढेचा अभ्यास करणार. दाढ बाजूला ठेवून मी खडे धुतले. सरांचा आवाज कानात होताच. नाव नंतर. भिंगातून कण सपाट दिसले, मोत्यासारख्या चकाकीचे. सुईने ओरखडा उमटला, म्हणजे नदीची वाळू नव्हे. वाळूच्या कणाला सुई काही करू शकत नाही. डाळीत शेतातून चुनखडी येते, तिच्यावर लिंबू पिळलं की बारीक फेस येतो. इथे काही आलं नाही. मग पाट्यावर भिंग फिरवलं. टाकीचे घाव जिथे बसले होते तिथले पांढरे ठिपके अर्धवट उडालेले, काही जागी नुसते ताजे खळगे. मला जे कळायचं ते कळलं. आता ते बोलून दाखवायचं होतं, आणि पाटा अण्णांचा होता.

अण्णांना घाबरावं असं ते कधी वागले नव्हते. पण ज्या माणसाने गावाचं हसू अंगावर घेऊन मला शिकायला पाठवलं त्याच्याच विहिरीच्या दगडात मी खोट काढणार होते, आणि तीही आत्यासमोर. उद्या त्यांनी कॉलेज बंद कर म्हटलं असतं तर मी काय करणार होते? अंगणात वहिनीच्या ताटात डाळ सरकत होती, त्याचा आवाज येत होता. मी उठले.

मी बोलले फार कमी. मायला म्हटलं, मला पाट्यावर पाणी वाटायचंय. तिला वाटलं अभ्यासाने डोकं फिरलं. पाटा-वरवंटा सगळ्यांदेखत घासून धुतला, वर नुसतं गाळलेलं पाणी ओतलं आणि पुरण वाटतात तसं जोर लावून वाटत राहिले. डाळ नाही, गूळ नाही, वहिनीचा हात नाही. ते पाणी अण्णांच्या धोतराच्या पांढऱ्या फडक्यातून गाळलं आणि फडकं उन्हात पसरलं. त्यावर खडे चमकत होते. शेजारी मी आत्याच्या पुडीतले ठेवले. कुठले कोणते ते ठेवणाऱ्या मलाही नंतर ओळखता आलं नसतं.

आत्या वाकून बघत राहिली. माय वहिनीकडे बघेना. अण्णांनी एक खडा बोटाच्या टोकावर उचलला, दाताखाली धरला आणि चावून पाहिला. मग म्हणाले, "फत्तर माझा हाय. मंग कसूर बी माझाच." एवढं बोलून ते उठले, पाटा स्वतः उचलून परसात नेला आणि धुणं धुवायच्या जागी ठेवला. वहिनी उंबऱ्याशी उभी होती. आत येताना अण्णा तिच्यापाशी थांबले आणि म्हणाले, "पोरी, सांजच्याला तुज्या हातची चटणी कर. शेजारून पाटा आणून देतो." सुनेपुढे मान खाली घातलेला बाप मी त्या दिवशी पाहिला आणि मला त्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

रंगपंचमीला वहिनीचा भाऊ आला. बहिणीला माहेरी धाडायचं ठरलं होतं हे त्याला कळलंच नाही. अण्णांनी त्याला शेजारच्या पाट्यावर वाटलेल्या पुरणाची पोळी वाढायला लावली आणि स्वतःच हसत हसत आपल्या पाट्याची फजिती रंगवून सांगितली, आत्याच्या दाढेसकट. पुढेही गावात ती गोष्ट सांगायचे तेच. शेवटी म्हणायचे, आमची पोरगी दगडं शिकती. आता मायही विषयाचं पूर्ण नाव सांगायला लागली, जरी ते तिच्या तोंडात नीट बसायचं नाही.

प्रात्यक्षिकाला माझ्यापुढे नेमका ठिपक्यांचा दगड आला. वर्णन, नाव, आणि शेवटी उपयोग. पुस्तकात होतं ते, रस्त्याची खडी, बांधकाम, सगळं लिहिलं आणि खाली एक ओळ घातली, 'याचा पाटा करू नये.' बाहेरून आलेले परीक्षक हसले. सर हसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, हे कुठे वाचलं? मी सगळं सांगितलं. खिशातले दगड चाळवत ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "बरोबर पाहिलंत." त्यांच्याकडून एवढंच मिळायचं, आणि एवढ्यावर वर्ष निघायचं.

पुढच्या आयुष्यात मी दगडांपेक्षा माणसांमध्येच जास्त वावरले, आणि तिथेही सरांचं वाक्य हाताशी होतं. आमच्या गल्लीतली मोलकरीण चोर आहे असं चार घरांत ठरलं तेव्हा, मुलाचे मार्क उतरले आणि सगळ्यांनी टीव्हीला दोष दिला तेव्हा, नवऱ्याचा स्वभाव एकाएकी चिडका झाला तेव्हा. मोलकरीण चोर नव्हती, मुलाला फळा दिसत नव्हता, नवऱ्याची साखर वाढली होती. प्रत्येक वेळी मला सुचलं असं नाही. पण थांबून बघायचं असतं हे तरी मला माहीत होतं, आणि ते मला एका काळ्या दगडाने शिकवलं. सर आज नाहीत, अण्णाही नाहीत. दोघांचे आभार मानायला गेले असते तर दोघांनाही ते अवघड झालं असतं. म्हणून इथे मानते.

या होळीला गौरीला घेऊन शेंद्र्याला गेले होते. म्हटलं, तुझं उत्तर दाखवते. पाटा अजून तिथेच आहे. इतकी वर्षं त्यावर कपडे आपटून आपटून त्याचे पांढरे ठिपके एकूणएक गळाले आहेत. नुसती भोकं उरली आहेत, धिरड्यासारखी, आणि त्यात साचलेल्या पाण्यावर चिमण्या येतात. गौरीने खाली बसून खळग्यांत बोट फिरवलं. मी तिला लाव्हा, वाफ, बुडबुडे असं सगळं सांगायला सुरुवात केली.

वहिनी मागे येऊन उभी राहिली होती, हातात पोळीचं ताट. तिचे केस आता पांढरे झाले आहेत, आवाज तसाच बारीक आहे. या गोष्टीवर ती इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. अण्णा रंगवून सांगायचे तेव्हाही चुलीकडे तोंड करून असायची. या वेळी मात्र नातीकडे बघत म्हणाली, "माजी पेटी भरून झाली हुती गं तवा. समदे म्हणत्यात तर आपलंच काहीतरी चुकत आसंल, आसं मलाबी वाटाया लागलं हुतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, समद्यांनी मला इचारलं, दाळ निवडली का. तुमी एकट्यांनी दगडाला इचारलं."

तिने ताट पाट्याच्या कडेला टेकवलं आणि पोळीचा पहिला तुकडा मोडून माझ्या हातात दिला.

"खावा," ती म्हणाली. "बिनघोर खावा."